आकाशात आडनाव विचारत नाहीत

सदर : विज्ञान आणि आपला संसार



गेल्या महिन्यात कामोठ्याच्या बुद्धविहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एका ताईंनी माझ्या हातात चार घड्या घातलेले पत्र ठेवले. "इथं नको भाऊ, घरी जाऊन वाचा," एवढेच म्हणाल्या आणि मुलांच्या चपला गोळा करायला निघून गेल्या.

पत्र वहीच्या दोन पानांवर होते. ताईंचे पती तळोज्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत, त्या स्वतः घरी शिवणकाम करतात. थोरली मुलगी बारावीला, विज्ञान शाखेत. या मुलीने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. परदेशातला एक माणूस विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारतो आणि छत्रीखाली तरंगत असताना हातातल्या छोट्या वायरलेसवरून खूप दूरच्या माणसाशी बोलतो. तेव्हापासून मुलीने दोन गोष्टी मनावर घेतल्या आहेत. एक, हॅम रेडिओची परीक्षा द्यायची. दुसरी, आयुष्यात एकदा तरी अशी उडी मारायची. मुलीचा मामा म्हणतो, "हे मोठ्या लोकांचे खेळ, आपलं काम नव्हे." वडील काहीच बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी ताई विचारतात, "भाऊ, पोरीला हो म्हणू की नको म्हणू? आणि नको म्हणायचं तर कारण काय सांगू?"

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. 'मी सांगते म्हणून नको' असे म्हणणे आईला सोपे असते. पण या ताई मुलीला कारण द्यायला बांधील आहोत असे मानतात. एखादी गोष्ट केवळ वडीलधारे सांगतात म्हणून मानू नका, ती स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ताईंच्या घरात ही शिकवण चालू आहे. म्हणून त्यांच्या परवानगीने या वेळचे सदर त्यांच्या प्रश्नासाठी दिले आहे. आधी ही दोन्ही प्रकरणे काय आहेत ते पारखू, मग उत्तर देऊ.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस. आकाशवाणी एका ठिकाणाहून बोलते आणि आपण नुसते ऐकतो. हॅम मात्र ऐकतोही आणि बोलतोही. त्यासाठी मधे मोबाइलचा मनोरा लागत नाही, कंपनी लागत नाही, रिचार्ज लागत नाही. एक संच, एक अँटेना आणि सरकारचा परवाना एवढेच लागते. या लहरींवर धंद्याची बोलणी करायला मनाई आहे. शिवीगाळ नाही, खोटा संदेश नाही, दुसऱ्याचे बोलणे तोडणे नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर हा सम्यक वाचेचा छंद आहे. आणि त्यातला पहिला धडा बोलण्याचा नाहीच. आधी ऐका, भरपूर ऐका, मग बोला, असा आहे.

परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते. परीक्षेत वीज व इलेक्ट्रॉनिक्सचा प्राथमिक भाग आणि वायरलेसचे नियम असतात. खालच्या श्रेणीसाठी एवढे पुरते. वरच्या श्रेणीसाठी मोर्स, म्हणजे टिंब आणि रेघांची कडकट्ट भाषा, हीसुद्धा यावी लागते. बारावी विज्ञानाच्या मुलीला यात न झेपण्यासारखे काही नाही. परवाना मिळाला की प्रत्येकाला एक बोधसंकेत मिळतो. वरच्या श्रेणीचा 'व्ही.यू.२'ने सुरू होतो, खालच्या श्रेणीचा 'व्ही.यू.३'ने, आणि पुढे दोन-तीन अक्षरे. जगात कुठेही हाक मारली तरी याच संकेताने.

इथे क्षणभर थांबा. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की नाव विचारतात आणि नाव सांगितले की विचारतात, "पूर्ण नाव?" हे पूर्ण नाव कशासाठी हवे असते ते आपल्या घरातल्या लहान पोरालाही कळते. खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत, कॉलेजच्या पहिल्या दिवशी आपण हा अनुभव घेतलेला आहे. हॅमच्या लहरींवर मात्र माणूस आधी संकेत सांगतो, मग गाव, मग पहिले नाव. समोरचा विचारतो तो तुमचा आवाज किती स्वच्छ येतो हे, तुमची अँटेना कोणती हे. आडनाव कोणी विचारत नाही. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्याकडेही असाच एक संकेत होता. त्या लहरींवर तेही इतरांसारखेच एक हॅम होते. म्हणजे हॅम मंडळींत सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असे मी म्हणत नाही. माणसे तीच आहेत. पण जिथे ओळख कमावलेल्या परवान्याने होते, जन्माने नव्हे, अशी जागा आपल्या मुलीने का सोडावी?

हा छंद वेळ घालवण्यापुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गावेच्या गावे मातीखाली गेली, सुमारे दहा हजार माणसे दगावली. अशा वेळी टेलिफोनच्या तारा तुटतात. तिथे हॅम मंडळी आपले संच आणि बॅटऱ्या घेऊन पोहोचली आणि निरोप पोहोचवू लागली. २००४ साली डिसेंबरमध्ये भारती प्रसाद नावाच्या हॅम भगिनी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेतर्फे खास परवानगीने अंदमानला गेल्या होत्या. त्यांचे काम जगभरच्या हॅमशी संपर्क करण्याचे होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. त्या बाईंनी छंदाचे काम बाजूला ठेवून त्याच संचावरून मदतीचे आणि ख्यालीखुशालीचे निरोप पाठवायला सुरुवात केली. बेटावर अडकलेल्या माणसाच्या घरी 'तो जिवंत आहे' एवढे चार शब्द पोहोचणे म्हणजे काय, हे ज्याची वाट पाहिली जाते त्याच्या आईला विचारावे.

आता उडीकडे वळू. 'स्कायडायव्हिंग' म्हणजे विमानातून उडी घेऊन काही वेळ मोकळे पडायचे आणि मग छत्री उघडायची. साधारण ३,००० मीटरवरून उडी घेतली तर माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. चाळीसएक सेकंदांत दोन हजार मीटर संपतात. जमिनीपासून हजारएक मीटरवर छत्री उघडते आणि वेग एकदम सेकंदाला पाच मीटरच्या जवळपास येतो. मग जमिनीला पाय लागेपर्यंत तीन-चार मिनिटे मिळतात.

मोकळे पडताना वायरलेसवर बोलता येत नाही; वाऱ्याच्या घोंगावण्यात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. चित्रफितीतला तो माणूस बोलतो ते छत्री उघडल्यानंतर. आणि लांबवर बोलू शकतो ते संच भारी असतो म्हणून नव्हे, तर उंचीमुळे. हातातल्या छोट्या संचाच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज जवळच लागते. त्याच्या लहरीही पाचएक किलोमीटरवर जमिनीच्या आड होतात. मध्ये कामोठ्यासारख्या सात-सात मजली इमारती असल्या तर तेवढ्याही जात नाहीत. पण १,००० मीटर उंच गेले की हेच क्षितिज सुमारे १३० किलोमीटरवर जाते आणि ३,००० मीटरवर सव्वादोनशे किलोमीटरवर. हिशेब सोपा आहे : उंचीच्या मीटरचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ने गुणा, अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. ताई, हे गणित मुलीकडून करवून घ्या. मामालाही दाखवा.

उडी आणि वायरलेस यांची जोडी आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स बळकावला तेव्हा इंग्लंडमधून वायरलेसवाले छत्रीने फ्रान्समध्ये उतरवले जात. त्यांत दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली पिपा लातूर नावाची तेवीस वर्षांची तरुणी होती. १९४४च्या मे महिन्यात ती नॉर्मंडीत उतरली. साबण विकणाऱ्या गरीब पोरीचे सोंग घेऊन ती सायकलवरून गावोगाव फिरे आणि लपवलेल्या संचांवरून शत्रूची माहिती इंग्लंडला पाठवी. सांकेतिक खुणा लिहिलेली रेशमी पट्टी ती विणकामाच्या सुईभोवती गुंडाळून केस बांधायच्या नाडीत दडवीत असे. तिने १३५ संदेश पाठवले. युद्धानंतर अनेक वर्षे तिने हे स्वतःच्या मुलांनाही सांगितले नाही. २०२३ साली न्यूझीलंडमध्ये वयाच्या १०२व्या वर्षी ती वारली. ज्या घरात सुई-दोऱ्यावर संसार चालतो त्या घरातल्या लेकीला ही गोष्ट जरूर सांगावी.

आपल्या महाराष्ट्रातही उडी मारणारी लेक आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. तापमान शून्याखाली ३७ अंश होते. २००६ साली त्यांनी दक्षिण ध्रुवावर उडी घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी मारली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. 'बायकांना हे जमत नाही' असे म्हणणाऱ्यांचे तोंड त्यांनी बंद केले आहे. मात्र उत्तर ध्रुवावरची ती उडी त्यांची पहिलीच, आधी सराव न करता घेतलेली होती. ती गोष्ट कौतुकाची आहे, गिरवण्याची नाही.

कारण या खेळात अंधश्रद्धेला जागा नाही. पॅराशूट नारळ फोडल्याने उघडत नाही आणि दंडातल्या ताईताने उघडत नाही. ते नीट घडी घातल्याने उघडते. प्रत्येकाच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. विमानात चढण्यापूर्वी पट्टे आणि कड्या पुन्हा पुन्हा तपासतात, स्वतः तपासतात आणि दुसऱ्याकडून तपासून घेतात. उडी मारणारा बेशुद्ध पडला तरी ठरलेल्या उंचीवर राखीव छत्री उघडणारे यंत्रही असते. इतकी काळजी घेऊनही अपघात होतात, हेही मी लपवणार नाही.

शिकाऊ माणसाच्या उडीत वायरलेसचे काम काय ते फार शिकण्यासारखे आहे. त्याच्या छातीशी किंवा शिरस्त्राणाशी एक छोटा संच बांधतात. तो फक्त ऐकण्याचा असतो. खाली मैदानात गुरुजी उभे राहून वर बघत सांगतात : डावीकडे वळ, आता सरळ, दोन्ही दोऱ्या ओढ. शिकाऊच्या दोन्ही हातांत छत्री वळवण्याच्या दोऱ्या असतात, त्यामुळे त्याला संच हातात धरून बोलणे शक्यही नसते आणि योग्यही नसते. चित्रफितीतला माणूस हातात संच धरून बोलतो तो कितीतरी उड्यांच्या अनुभवानंतर. आणि हा छातीवरचा संच बंद पडू शकतो हे गृहीत धरून, त्याच्याशिवाय कसे उतरायचे तेही आधी शिकवतात. गुरूचा आवाज असेपर्यंत ऐकायचा, तो बंद झाला तर घाबरायचे नाही, स्वतःच्या अभ्यासावर उतरायचे. 'अत्त दीप भव' याचा अर्थ मला तरी यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

अशीच पद्धत लोणावळ्याच्या पुढे कामशेतला पाहायला मिळते. तिथे डोंगरावरून पॅराग्लायडिंग शिकवतात. वर छत्रीत शिकाऊ आणि खाली वायरलेसवर शिक्षक. पाऊस संपल्यावर रविवारी जाऊन पायथ्याशी बसून हे पाहायला पैसे पडत नाहीत.

आता पैशाचे बोलू, कारण ताईंच्या पत्रात खरे दुखणे तेच आहे. हौसेची एक उडी घ्यायची, प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून घेऊन, तरी कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार त्यात जाईल. हरियाणात नारनौलला अशा उड्या होतात. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. एकटीने उडी मारायचे पूर्ण शिक्षण त्याहून कितीतरी महाग. कर्ज काढून हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सावकाराचा हप्ता आपल्याला छत्रीने खाली उतरवत नाही.

पण मामा म्हणतात ते 'आपलं काम नव्हे' हे कारण मात्र मुलीला देऊ नका. पैसे नाहीत हे खरे कारण आहे. ते सांगितले तर मुलीला वाईट वाटेल, पण कळेल. 'आपलं काम नव्हे' हे कारण आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या दारात, पाणवठ्यावर आणि मंदिराच्या पायरीवर दुसऱ्यांनी सांगितलेले आहे. तेच वाक्य आता आपल्याच घरात, आपल्याच तोंडून, आपल्याच लेकीला ऐकू येणार असेल तर बाबासाहेबांनी कशासाठी रक्त आटवले? १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे निवेदन दिले, त्यात आपल्या मुलांना विज्ञानाचे आणि तंत्राचे उच्च शिक्षण घेता यावे म्हणून सरकारी मदत मागितली होती. नुसत्या कारकुनीची नोकरी मागून ते थांबले नाहीत. आणि ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी आपले जीवनतत्त्व सांगितले : स्वातंत्र्य, समता, बंधुभाव, आणि हे मी बुद्धाकडून घेतले, असेही सांगितले. ज्या समाजाची सावली विटाळ मानली गेली, त्या समाजातल्या माणसाचा आवाज त्या दिवशी हवेतून देशभर गेला. हवा कुणाच्या मालकीची नाही, हे त्यांनी करून दाखवले.

म्हणून ताई, माझे उत्तर असे. मुलीला 'हो' म्हणा, पण पायरीपायरीने.

पहिली पायरी परीक्षेची. बारावीची परीक्षा आटोपली की सुट्टीत तिने हॅमचा अभ्यास करावा. हा अभ्यास वाया जात नाही. पुढे पदविका असो की आयटीआय, तोच विषय कामी येतो. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी दूरसंचार खात्याची ताजी माहितीच पाहावी, कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. परवाना हाती येण्याआधी बाजारातून वॉकीटॉकी आणून हॅमच्या लहरींवर बोलणे हा गुन्हा आहे. तो मोह टाळावा. परवान्यानंतर घ्यायचा साधा हातसंच साध्या मोबाइलच्या किमतीत येतो.

दुसरी पायरी उंचीची. उंचीसाठी विमानच लागते असे नाही. आपल्या पूर्वेला माथेरान आहे, सुमारे ८०० मीटर. वरचे गणित लावले तर तिथल्या मोकळ्या कड्यावरून क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या जवळ जाते. प्रबळगड आहे, कर्नाळा आहे. जगभरचे हॅम पाठीवर संच घेऊन असेच डोंगर चढतात. ही उंची पायांनी मिळते, तिला पगार लागत नाही. पहिल्या खेपेला वडिलांना सोबत न्या. ते बोलत नाहीत म्हणता, पण लेकीचा संकेत हवेत गेला आणि लांबच्या कुणीतरी उत्तर दिले की कदाचित बोलतील.

तिसरी पायरी उडीची. कॉलेज निवडताना तिथे एनसीसी आहे का ते विचारा. एनसीसीच्या निवडक मुलामुलींना आग्र्याच्या लष्करी छत्रीप्रशिक्षण केंद्रात उडीचे शिक्षण मिळते. तिथल्या उडीत विमानाला जोडलेल्या दोरीने छत्री आपोआप उघडते. निवड कडक असते, धावावे लागते, शरीर कमवावे लागते; पण तिथे बापाचा पगार विचारत नाहीत. तिथे नाही जमले तर मुलगी कमावती झाल्यावर स्वतःच्या पैशाने जाईल. तेव्हा तिला कोणाची परवानगी लागणार नाही, फक्त आईचा निरोप लागेल. छत्रीखालून वायरलेसवर बोलणे ही त्याच्याही पुढची गोष्ट. त्यासाठी उडीचा अनुभव हवा, वैमानिकाची संमती हवी आणि परवान्याचे नियम परवानगी देतात का तेही पाहायला हवे. आपल्या भागात तर आता नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. कामोठ्याच्या आकाशात हौसेच्या उड्या होणार नाहीत, हे मुलीलाही ठाऊक असू द्या.

शेवटी एक मागणे समाजाकडे. विहारात आपण वंदना घेतो, जयंतीला हजारो रुपयांचा आवाज लावतो. त्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून रविवारी दोन तास रेडिओचा वर्ग का चालवू नये? आपल्यात आयटीआय झालेले, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, लष्करात सिग्नलवर काम केलेले बांधव आहेत. एक फळा, एक जुना संच, दहा मुले. पावसाळ्यात रायगडच्या डोंगरांत दरड कोसळते तेव्हा काय होते ते आपण जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत पाहिले. वर गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे रात्री चिखलातून चालत चढले. अशा वेळी मोबाइल मुका झाला तर निरोप देणारा कुणीतरी लागतो. तो आपल्या वस्तीतला का नसावा?

ताई, पत्राचे उत्तर लांबले. त्या रविवारी तुम्ही पत्र गुपचूप दिलेत. पुढच्या रविवारी मुलीला सोबत आणा. तिने ४.१२चे गणित करून आणावे. कामोठ्याच्या गच्चीवरून क्षितिज किती लांब आणि माथेरानवरून किती, हे विहारातल्या सगळ्या मुलांना फळ्यावर तीच समजावून देईल. मामालाही बोलवा.

जयभीम! नमो बुद्धाय!